संसाराचा ताळेबंद : बस्ता बांधण्यापूर्वी



आपण मुहूर्त पाहत नाही, पंचांग उघडत नाही. तरीही आपल्या वस्त्यांतील बरीचशी लग्ने एप्रिल-मे महिन्यांतच होतात. कारण साधे आहे. मुलांच्या शाळा बंद असतात, गावाकडची मंडळी मोकळी असतात आणि रजाही मिळते. या दिवसांत विहारातली रविवारची बैठक संपली की दोन प्रकारची माणसे माझ्याजवळ थांबतात. पहिली, पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरून घेण्यासाठी आणि दुसरी, त्याच अर्जावर जामीन म्हणून सही मागण्यासाठी. कारकुनी हाताला सवय असल्याने अर्ज मी लगेच भरून देतो. सही मात्र विचारपूस केल्याशिवाय करीत नाही.

असाच एक अर्ज भरीत होतो. अर्जदार नगरपालिकेतून निवृत्त झालेले, सरळमार्गी गृहस्थ. वस्तीत सगळे त्यांना दादा म्हणतात. कर्जाची रक्कम पन्नास हजार. 'कर्जाचे कारण' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारले, तर म्हणाले, "मुलीचं लग्न, बस्ता." मी पेन खाली ठेवले. मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे मला ठाऊक होते. विचारले, "दादा, शेवटच्या वर्षाची फी भरली का?" ते म्हणाले, "ती बघू पुढं. आधी बस्ता तर बांधू."

मी म्हणालो, अर्ज एक आठवडा राहू द्या. पुढच्या रविवारी आपण सगळे मिळून बाजार पाहू, मग सही करतो.

यादीचा हिशेब

रविवारी वहिनींनी वहीच्या पानावर लिहिलेली यादी माझ्या हातात दिली. मी बी.कॉम.चा माणूस. यादी दिसली की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. नवरीचा शालू १२,००० रुपये. नवरीच्या आणखी चार साड्या, प्रत्येकी २,५०० प्रमाणे १०,०००. मानपानाच्या ४२ साड्या, प्रत्येकी ६०० प्रमाणे २५,२००. पुरुषांसाठी पॅन्टपीस-शर्टपीसचे २५ जोड, प्रत्येकी ४५० प्रमाणे ११,२५०. नवरदेवाचा सूट ९,०००. घरातल्या माणसांचे कपडे १८,०००. एकूण ८५,४५० रुपये. घरात यासाठी बाजूला ठेवलेले होते सुमारे छत्तीस हजार. बाकीचे कर्ज.

पन्नास हजारांचे कर्ज दरसाल १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,६६१ रुपये येतो आणि व्याजच ९,८०० रुपयांच्या आसपास जाते. म्हणजे नवरीच्या शालूची जवळजवळ किंमत व्याजात. आणि हे सारे कशासाठी? ज्या ४२ साड्या घेणारी बाई दुसऱ्याच्या लग्नात पुन्हा आहेर म्हणून फिरवणार, त्यांच्यासाठी! मानपानाची साडी कोणी नेसत नाही. ती फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात प्रवास करते, हे आपल्या सर्व भगिनींना माहीत आहे.

हे सगळे मी वहिनींना ऐकवणार होतो. पण तोवर आम्ही दुकानात पोहोचलो होतो.

पांढरी गादी

शहरातले ते तीन मजली मोठे दुकान. बाहेर पाटी, 'लग्नबस्ता स्पेशल'. आत पांढऱ्या शुभ्र गाद्या, लोड, तक्के. विक्रेत्याने वहिनींना "या मावशी, बसा" म्हणून गादीवर बसवले. चहा आला, थंड पेय आले. बघता बघता पन्नास साड्या त्यांच्या पुढ्यात उलगडल्या गेल्या. वहिनी एकेका पदरावरून हात फिरवीत होत्या. मी भाव पाहिले. चिठ्ठीवर चोवीस हजार लिहिलेला शालू "खास तुमच्यासाठी" बारा हजारांना मिळत होता. "पन्नास हजारांच्या वर बस्ता गेला तर नवरदेवाचा फेटा फुकट," असेही सांगण्यात आले. मी पक्के बिल मिळेल का, असे विचारले. गल्ल्यावरचे गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, पक्क्या बिलावर भाव वाढेल."

मी दादांना खूण केली आणि आम्ही "जेवून येतो" म्हणून बाहेर पडलो. रस्त्यावर येताच मी वहिनींसमोर हिशेब मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशोब खरा हाय. पण एक ऐका. मी आठ-नऊ वर्षांची आसंन. गावात आठवड्याच्या बाजाराला माझी आई लुगडं घ्यायला जायची. दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. शेट वरून लुगडं फेकायचा. हात लावून बघू द्यायचा न्हाई. लावलं तर घ्यावंच लागायचं. पैसं पायरीवर ठेवायचं. आज मला कुनी गादीवर बसवलं, मावशी म्हनलं. माझ्या लेकीचा बस्ता मी तिथंच बांधनार."

खरे सांगतो, माझी बेरीज-वजाबाकी तिथेच थांबली. ज्याला मी हौस समजत होतो, ती हौस नव्हती. तो पन्नास वर्षांपूर्वीच्या पायरीचा हिशेब होता. तो कोणत्या खात्यात लिहायचा, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

आपल्यासाठी कापड म्हणजे काय

आपल्या समाजाला कापडाचा इतिहास विसरून चालणार नाही. मनुस्मृतीने चांडाळांसाठी वस्त्र कोणते सांगितले? प्रेतावरचे. त्याच मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या जडशीळ दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखू येते, ही पद्धत सोडा, लुगडे फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि नेसणे बदलले. पोशाख बदलणे हे तेव्हा बंड होते.

दुसरी गोष्ट गिरणीची. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे कताईखात्यात राबत होती. पण विणाई खात्यात, जिथे मजुरी अधिक होती, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. म्हणजे जे कापड विणू दिले नाही, ते विकत घेताना हात लावू दिले नाही, आणि अंगावर कोणते घालायचे तेही दुसऱ्यानेच ठरवले. म्हणूनच चौकाचौकांतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या अंगातला सूट आपल्याला नुसता सूट वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण पांढरी वस्त्रे नेसून दीक्षा घेतली, त्या पांढऱ्या रंगालाही म्हणूनच मोल आहे.

तेव्हा वहिनींचे म्हणणे चुकीचे नव्हते. चांगले दुकान, चांगले कापड, मानाने बसणे हा आपला हक्क आहे. प्रश्न एवढाच, की त्या मानाची किंमत मुलीच्या फीमधून द्यायची का? मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही त्याच गादीवर बसा. पण त्याआधी मला चार दुकाने दाखवू द्या." त्या तयार झाल्या. त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही जे पाहिले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे लिहितो.

दुकानांचे प्रकार

१. बस्त्याचे मोठे दुकान. इथे एका छपराखाली सगळे मिळते, वेळ वाचतो, मान मिळतो. पण गादी, चहा, दिवे आणि फुकटचा फेटा यांचा खर्च शेवटी साडीतच धरलेला असतो. आधी किंमत दुप्पट लिहून मग निम्म्यावर आणणे ही जुनी युक्ती आहे. इथे एक-दोन मोठ्या वस्तू घ्याव्यात. ठोकात घ्यायच्या वस्तू इथे घेऊ नयेत.

२. घाऊक बाजार. मुंबईत महात्मा ज्योतिबा फुले मंडई, जिला लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, तिच्या जवळच मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट आहेत. दादरला हिंदमाता आहे. नागपूरकरांना गांधीबाग आणि इतवारी, कोल्हापूर भागातल्या लोकांना गांधीनगर आणि कल्याण-अंबरनाथच्या लोकांना उल्हासनगर ठाऊक आहेच. उल्हासनगर आणि गांधीनगर हे दोन्ही बाजार फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी बांधवांनी उभे केले. हाती काही नसताना समाज व्यापारात कसा उभा राहतो, हे पाहायला तरी तिथे जावे. घाऊक दुकानात एकेक नग मिळेलच असे नाही. म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून खरेदी करावी. एकाच जातीच्या साड्यांचा गठ्ठा घेतला की भाव उतरतो. मात्र इथे माल परत घेत नाहीत, म्हणून प्रत्येक साडी पूर्ण उलगडून, उजेडात धरून, डाग आणि तुटलेला धागा पाहून घ्यावी.

३. कापड दुकान आणि शिंपी. ताग्यातून कापड फाडून घ्यायचे आणि शिवायला टाकायचे, ही पद्धत मागे पडत चालली आहे. पण अंगाला नीट बसणारा आणि जास्त टिकणारा कपडा अजूनही याच मार्गाने मिळतो. कापड घेताना पन्हा विचारा. ३६ इंची पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर लागते, तर ५८ इंची पन्ह्यात सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर पुरते. मीटरचा भाव स्वस्त दिसला तरी पन्हा लहान असेल तर एकूण खर्च वाढतो. सुती कापड आटते, म्हणून शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यावे. वस्तीतल्या शिलाई करणाऱ्या भगिनींना काम द्यावे आणि त्यांची शिलाई रोख, वेळेवर द्यावी. शालूला बारा हजार मोजताना कुरकुर न करणारे आपण ब्लाउजच्या शिलाईचे पन्नास रुपये कमी करायला भांडतो, हे शोभत नाही.

४. तयार कपड्यांचे दुकान आणि मॉल. तयार कपड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते. तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त देऊ नये. सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि त्यावरच्या किमतीच्या कपड्यावर १८ टक्के. म्हणजे २,५०० च्या जरा वरचा कपडा घेताना दोनदा विचार करावा. लोअर परळच्या मॉलमध्ये गेलात, तर तिथे पूर्वी कापड गिरणी होती, हे मुलांना सांगा. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांत आपलेही वडील, काका होते. तिथे पूर्वी कापड निघत असे, आता नुसते विकले जाते. आणि विकायला उभ्या असतात आपल्याच मुली. त्यांना दिवसभरात बसायला मिळते का, हे कधी पाहिले आहे? केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथे तसा कायदा झाला. २०२१ साली तमिळनाडूनेही केला. मान गिऱ्हाइकाला हवा तसा विकणाऱ्या मुलीलाही हवा.

५. रस्त्यावरचा बाजार. मुंबईची फॅशन स्ट्रीट, पुण्याच्या कॅम्पातली फॅशन स्ट्रीट, गावोगावचे आठवडी बाजार. इथे निर्यातीतून उरलेला माल म्हणून बरेच काही विकतात. त्यात खराच निर्यातीचा माल किती आणि नुसती चिठ्ठी लावलेला किती, हे शिवण उलटी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवणीचे टाके जवळजवळ आणि सरळ असतील, काजे-बटणे घट्ट असतील, तर घ्यावा. घरात रोज वापरायचे, मुलांचे कपडे इथून घ्यायला हरकत नाही. बिल मिळणार नाही, हे धरून चालावे.

६. हातमाग, खादी आणि पैठणी. येवल्याचे नाव काढले की दुकानदाराला पैठणी आठवते. आपल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा आठवते. दोन्ही गोष्टी त्याच गावच्या. हातमागावरच्या खऱ्या पैठणीमागे विणकराचे कित्येक दिवसांचे श्रम असतात, म्हणून ती स्वस्त असूच शकत नाही. हजार-दीड हजाराला मिळते ती यंत्रावरची नक्कल. नक्कल घ्यायला हरकत नाही, पण नकलेच्या भावाने घ्यावी. खात्री हवी असेल तर रेशमावर सिल्क मार्क, हातमागावर हॅन्डलूम मार्क आणि खादीवर खादी मार्क पाहावा. घरी एक धागा काढून जाळून पाहता येतो. सूत कागदासारखे जळून राख होते, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. चादरी-टॉवेल द्यायचेच असतील तर सोलापूरचे द्यावेत. ते निदान वापरले तरी जातात.

७. भाड्याचे कपडे. नवरदेवाचा सूट किंवा शेरवानी एका दिवसापुरती भाड्याने मिळते. अनेकांना यात कमीपणा वाटतो. पण एकदा घालून कपाटात टांगून ठेवायच्या सुटासाठी हप्ते भरत बसणे, यात कोणता मोठेपणा आहे? पुढे नोकरीत, मुलाखतीला, कार्यक्रमांना वापरायचा असेल, तर मात्र साधा, गडद रंगाचा सूट शिवून घ्यावा.

८. मोबाइलवरचे दुकान. आजकाल तरुण पिढी अंगठ्यानेच खरेदी करते. भाव कमी असतो, घरबसल्या माल येतो. पण चित्रातला रंग आणि पोत खरा असेलच असे नाही. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हे उधारीचेच नवे नाव आहे. पूर्वी सावकाराची वही त्याच्या दुकानात असायची, आता ती आपल्या खिशात असते, एवढाच फरक.

कायद्याने काय दिले

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही देखील अनुचित प्रथाच आहे. तेव्हा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. घरी नेल्यावर रंग आवडला नाही, ही गोष्ट वेगळी. मोठ्या दुकानात बिलाच्या वेळी अचानक पिशवीचे पैसे लावणेही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये चुकीचे ठरवले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र हे सगळे हातात बिल असेल तरच सोपे जाते. ज्या समाजाला लिहिता-वाचता येऊ दिले नाही, त्याने कागदाचे महत्त्व इतरांपेक्षा जास्त ओळखायला हवे.

भगवान बुद्धांचा मार्ग

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक सुंदर कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या चीवरांचे हा भिक्खू काय करणार, व्यापार करणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटून देईन. राजाने विचारले, मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बसकरे. मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. आणि फडकी फाटली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायला घेऊ. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

ही कथा वाचली की मला आपल्या आयांची गोधडी आठवते. जुने लुगडे, मग गोधडी, मग पोतेरे. कापडाचा एक दोराही वाया न घालवणाऱ्या बायांच्या आपण लेकी-सुना आहोत. आणि आज एकाही अंगाला न लागणाऱ्या ४२ साड्या कर्ज काढून घेतो!

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी संसारी माणसाच्या सुखाचे चार मार्ग सांगितले. त्यांतला एक 'समजीविता'. तराजू धरणारा जसा पारडे किती खाली गेले, किती वर आले हे ओळखतो, तसे गृहस्थाने आपले उत्पन्न आणि खर्च ओळखावा. फार उधळपट्टी नको, फार कद्रूपणाही नको. माझ्या मते, ताळेबंदाचा हा पहिला धडा आहे.

शेवटी काय झाले

आता दादांच्या घरी काय झाले ते सांगतो. वहिनी आपल्या शब्दाला जागल्या. त्या त्याच मोठ्या दुकानात पुन्हा गेल्या, त्याच गादीवर बसल्या, आणि लेकीच्या मंगल परिणयाची पांढरी साडी त्यांनी तासभर पाहून निवडली. ४,५०० रुपये. पक्के बिल मागितले. गल्ल्यावरचे गृहस्थ कुरकुरले, पण बिल दिले. संध्याकाळच्या स्वागत समारंभाची साडी ६,००० ला. बाकीच्या तीन साड्या घाऊक बाजारातून ४,२०० ला. मानपान फक्त सहा वडीलधाऱ्या स्त्रियांचा, ७०० प्रमाणे ४,२००. नवरदेवाने स्वतः सांगितले, मला साधा शिवलेला सूट द्या, तो मी कामावरही घालीन. तो ६,५०० त झाला. घरच्यांचे कपडे ११,०००. एकूण ३६,४०० रुपये. यादीपेक्षा ४९,०५० रुपये कमी. कर्जाचा अर्ज मी फाडला आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूवर नवा हिशेब लिहून दादांना दिला.

सगळे गोडच झाले असे मात्र नाही. मुलाच्या एका आत्याबाई साडी न मिळाल्याने रुसल्या आणि पंगतीला बसल्या नाहीत. वहिनींना ते लागले. दोन दिवस त्या माझ्याशीही नीट बोलल्या नाहीत. शेवटी मुलगीच आईला म्हणाली, "आई, मी दवाखान्यात नोकरीला लागले की पहिल्या पगारात आत्यांना साडी घेईन. तू फीची पावती जपून ठेव." फी मुलीच्या खात्यातून वेळेवर भरली गेली. ती पावती मी पाहिली. बस्त्याच्या यादीपेक्षा ती मला अधिक देखणी वाटली.

जाता जाता आणखी एक गोष्ट. तीन रविवार फिरून आम्ही चाळीस तरी दुकाने पाहिली असतील. त्यांत विक्रेते आपले होते, हमाल आपले होते, गठ्ठे बांधणारे आपले होते. गल्ल्यावर मात्र आपला माणूस दिसला नाही. बाबासाहेबांनी परदेशातून परत आल्यावर भागभांडवलाविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली. तेव्हा दार बंद होते. आज ते निदान किलकिले तरी झाले आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, मुद्रा कर्ज योजना २०१५ पासून आहे. वस्तीतल्या चार शिलाई करणाऱ्या भगिनी एकत्र येऊन घाऊक बाजारातून कापड आणू शकतात आणि विहाराशेजारी छोटे दुकान टाकू शकतात. आपल्या प्रत्येक लग्नाचा थोडा तरी बस्ता तिथे बांधला गेला, तर ते दुकान टिकेल. आमच्या महिला मंडळाने हा विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे. हिशेबाच्या वह्या मी लिहून देईन, असे कबूल केले आहे.

पायरीखाली उभे राहिलेल्या आईची लेक गादीवर बसली. तिची लेक गल्ल्यावर बसावी, एवढीच इच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!